शेवटचा दट्ट्या कोणी काढायचा?

मोबाईलवर भंडारा-गोंदियाचा नकाशा उघडा आणि जरा झूम करून बघा. प्रत्येक गावाच्या कुशीत एक निळा ठिपका, पुढच्या गावाला अजून एक, मध्ये दोनचार बारके, ज्यांना इकडे बोड्या म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि थोडा नागपूर मिळून असे साडेसहा-सात हजारांच्या आसपास जुने तलाव आहेत. सरकारी कागदावर नाव 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या मालगुजारांच्या ताब्यातले, बोलताना नुसतं मामा तलाव. नाव ऐकून बाहेरचे लोक हसतात, मामाचा तलाव म्हणजे काय बुवा.

तर या तलावांवर बोलायचंय, पण सारस पक्ष्यांवर नाही आणि हिवाळ्यात येणाऱ्या बदकांवर पण नाही, त्यांचे फोटो भरपूर आहेत. तलावाच्या काठावर गावाच्या एका टोकाला जो धिवर मोहल्ला, म्हणजे मासेमार धिवर लोकांची वस्ती, असतो त्याच्यावर बोलायचंय. आणि त्यातही एकाच मुद्द्यावर, की मासा धिवराचा असेल तर मासा ज्यात राहतो ते पाणी कोणाचं?

आधी तुडूम म्हणजे काय ते सांगतो कारण सगळं भांडण तिथंच आहे. जुन्या तलावाचे भाग ठरलेले. मातीची पाळ, जास्तीचं पाणी वाहून जायला बाजूने सलंग, आणि शेताला पाणी सोडायला पाळीच्या पोटात तुडूम. जुना तुडूम पायरीपायरीचा, प्रत्येक पायरीला छिद्र, छिद्राला दट्ट्या म्हणजे बूच. पाणी वर असलं की वरचा दट्ट्या काढायचा, पातळी उतरली की त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी गेट बसलंय, पण तत्त्व तेच. म्हणजे तलाव किती रिकामा होणार हे कुठला दट्ट्या निघतो त्यावर ठरतं, आणि सगळ्यात खालचा निघाला की तळाशी चिखल उरतो आणि चिखलात तडफडणारा मासा.

हे तलाव धानासाठी बांधले, माशासाठी नाही, हे मी आधीच मान्य करून टाकतो. गोंड राजांच्या काळात इकडे कोहळी लोक तलाव बांधत आले आणि पाणी अडवणाऱ्याला त्या पाण्याखालच्या जमिनीत सवलत मिळायची. नवेगावबांधचा तलाव त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला असं सांगतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी बुजवून केलेला, जवळजवळ अकरा चौरस किलोमीटरचा. आजूबाजूच्या शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि खुद्द कोलू पाटलाचा कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं आहे तिथं. बांधणारा देव झाला हे मला आवडतं, खरंच. पण ज्यांनी तीनशे वर्षं त्याच पाण्यात उतरून जाळं टाकलं त्यांच्या नावाचं तिथं काय आहे? काहीच नाही.

आता 'जुन्या काळी सगळं कसं छान होतं' हा सूर लावणारे लेख मला पटत नाहीत. मालगुजाराच्या राज्यात धिवराने पाणी भरायचं, पालखी उचलायची, वाड्यावर मासा पोचवायचा. मोबदल्यात तलावात उतरायची परवानगी. तो काही हक्क नव्हता, मर्जी होती. पण त्या मर्जीच्या जगातही एक गोष्ट होती, तलाव गावाचा होता आणि पाणी कधी सोडायचं हे गावातच ठरायचं. धान गर्भात आलं आणि परतीच्या पावसाने दगा दिला की एक किंवा दोन पाणी, बस. बाकी पाणी तलावात. त्या उरलेल्या पाण्यावर गुरं, घाटावरची धुणी, शिंगाडा आणि मासा, सगळं चालायचं. त्यामुळे धिवराला कोणी विचारत नसलं तरी त्याच्या वाट्याला पाणी उरायचं.

आणि धिवराचं पोट तरी कुठं एकट्या माशावर होतं. पावसाळ्याच्या तोंडाला चढणीचा मासा, मग शिंगाड्याचे वेल, दिवाळीच्या आगेमागे शिंगाडा काढायचा, उकडायचा, आठवडी बाजारात न्यायचा. हिवाळा-उन्हाळ्यात डोंगा आणि जाळं. बऱ्याच गावांत धिवर ऐनाच्या झाडावर कोसा पण पाळतात, ज्याचं टसर होतं. बायका टोपली घेऊन गुडघाभर पाण्यात झिंगे आणि बारका मासा पकडणार, वाळवणार, विकणार. वर्षभर थोडं थोडं, कुठून ना कुठून. असं पोट चालवणाऱ्या माणसाला पगारी माणूस 'गरीब बिचारा' म्हणतो, पण एक बाजू बसली तर दुसरी उभी राहते ही त्यातली अक्कल आपल्याला कोविडमध्ये नोकऱ्या गेल्या तेव्हा कळली.

मग १९५१ आलं. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात, तिथं १९५० चा मालकी हक्क संपवणारा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली. जायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या जुन्या महसुली नोंदींमध्ये गावाचे वापराचे हक्क लिहिलेले राहिले, पण रोजची देखभाल कोणी करायची हा प्रश्न लटकला. मालगुजाराचा तलावात स्वार्थ होता म्हणून तो दरवर्षी पाळ बघायचा, सरकारचा असा काही स्वार्थ नव्हता. पुढे महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, छोटे तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. माशासाठी सहकार कायद्याखाली मच्छीमार सोसायट्या, त्यांना साधारण पाच वर्षांच्या लीजवर तलाव. म्हणजे एकाच तलावाचं पाणी एका खात्याच्या वहीत, मासा दुसऱ्या खात्याच्या वहीत, गाळ तिसऱ्या योजनेत, आणि काठावरची जमीन तलाठ्याच्या सातबाऱ्यात. तलाव मात्र एकच आहे हो, त्याला कोणी सांगितलं नाही की तुझे चार तुकडे झालेत म्हणून.

मला खटकतो तो यातला २००५ चा कायदा, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा. कायदा चांगला आहे, गावाने पाणी सांभाळावं म्हणतो, पाणी वापर संस्था काढतो. पण संस्थेचा सभासद कोण होणार? ज्याची लाभक्षेत्रात, म्हणजे तलावाच्या पाण्याने भिजणाऱ्या भागात, जमीन आहे तो. आता धिवराची लाभक्षेत्रात जमीन असते का? कोणाकडे एखादा तुकडा असेल, बहुतेकांकडे नसते, म्हणून तर ते पाण्यात आहेत. म्हणजे दट्ट्या कधी काढायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ त्या पाण्यात उभा राहणारा माणूसच नाही. त्याच्याकडे पाण्यातल्या माशाची लीज आहे पण पाण्याबद्दल मत नाही. ही लीज म्हणजे घर भाड्याने देऊन छप्पर कधीही काढून नेण्याची मुभा मालकाकडे ठेवण्यासारखं आहे.

यावर शेतकरी म्हणणार, अरे पण धान वाळत असताना मासे बघत बसू का? नाही, अजिबात नाही. ऑक्टोबरमध्ये धानाला शेवटचं पाणी हवं असेल तर ते मिळालंच पाहिजे, यावर कुठल्याही धिवराचं दुमत मी ऐकलेलं नाही, कारण त्याची बायको त्याच धानाच्या रोवणीला मजुरीने जाते आणि त्याच्या ताटात पण तोच भात आहे. भांडण त्या पाण्याचं नाहीच. भांडण आहे उन्हाळी धानाचं. जिथं जिथं पाणी मिळतं तिथं आता दुसरं पीक पण धानच घेतलं जातं, भर उन्हाळ्यात, जेव्हा धान सगळ्यात जास्त पाणी पितं. जो तलाव एका पावसाळी पिकाला आधार द्यायला बांधलाय त्याच्याकडून दोन पिकं काढली तर खालचा दट्ट्या निघणारच. आणि उन्हाळी धान शेतकरी का घेतो तर हमीभाव आहे, खरेदी केंद्र आहे, बोनसवर विधानसभेत आवाज होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं. पण मग ज्या पाण्याची किंमत सरकार धानाच्या बोनसमधून मोजतं त्याच पाण्यातल्या माशाची किंमत शून्य का धरली जाते, एवढंच विचारायचंय.

हे झालं पाण्याचं. आता मासा.

तलावात मूळचा मासा कोणता? मरळ, मागूर, वाम, झिंगे आणि बारक्या चांदीसारख्या माशांच्या कितीतरी जाती ज्यांची नावं गावागणिक बदलतात. या माशांना बाहेरून बी आणावं लागत नाही. मरळ गवताळ उथळ पाण्यात अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते, नर-मादी दोघं फिरतात त्या पिल्लांच्या घोळक्यासोबत, कोणी धिवर म्हातारी हे तुम्हाला तासभर सांगेल. मागूर चिखलात पण तग धरतो, हवेतून श्वास घेतो. म्हणजे हा मासा तलावासोबत वाढलेला मासा आहे, कमी पाणी, चिखल, गवत सगळं बघितलेला.

मग आले कटला, रोहू, मृगल. हे मुळात गंगेकडच्या वाहत्या पाण्यातले मासे. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी मिळवायचं तंत्र बसवलं, त्याची आठवण म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस असतो. मोठं काम होतं ते, देशाला मासा खाऊ घातला त्याने. पण आमच्या तलावाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला की साचलेल्या पाण्यात हे मासे स्वतःहून विणत नाहीत, म्हणून सोसायटीला दरवर्षी मत्स्यजिरे नाहीतर बोटुकली, म्हणजे माशाची बारकी नाहीतर जरा वाढलेली पिल्लं, विकत घ्यावी लागते. आधी तलाव बी देत होता, आता बी बाजारातून. पैसे नसले की व्यापाऱ्याकडून उचल, आणि उचल घेतली की मासा त्याच व्यापाऱ्याला, त्याने लावलेल्या भावात. वर पावसाळ्यात सलंगावरून पाणी पडलं की अर्धं बी वाहून जातं. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खालचा दट्ट्या निघाला तर उरलेला मासा वाढायच्या आधीच विकायचा, अर्धा किलोचा असतानाच. पाणी अजून दोन महिने टिकलं असतं तर तोच मासा जास्त वजनाचा झाला असता. सोसायटी तोट्यात का जाते याच्यावर अहवाल लिहिणारे हे वाक्य लिहीत नाहीत, ते लिहितात प्रशिक्षणाचा अभाव.

शिवाय गवत्या मासा आणि सायप्रिनस. गवत्या म्हणजे नावाप्रमाणे पाणवनस्पती खाणारा, आणि सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करणारा. ज्या गवतात मरळ अंडी घालते तेच गवत गवत्या खाऊन टाकतो. वजन वाढतं, टनाचा आकडा वाढतो, आकडा कार्यालयात छान दिसतो. पण मरळीचा भाव रोहूपेक्षा जास्त असतो आणि जिवंत विकली जाते, तिच्यासाठी बी विकत घ्यायचं नसतं, हा हिशेब टनात कुठं दिसणार. मी असं म्हणत नाही की कटला-रोहू बंद करा, लोकांना तो खायची सवय झालीय आणि सोसायटीचा रोखीचा पैसा त्यातून येतो. एवढंच म्हणतो की गवत्या सोडताना त्या तलावाच्या गवताचं काय होणार हे आधी त्या काठावरच्या माणसाला विचारा. काही गावांमध्ये धिवर लोकांनी, त्यातही बायकांनी पुढे होऊन, तलावात माजणारी बेशरमची झुडपं उपटून काढली आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या, चिखलात हाताने, धान रोवतात तशा. ज्याला शास्त्रज्ञ अधिवास म्हणतात ते या बाया हाताने रोवतायत आणि सोसायटीच्या सभासद यादीत नाव मात्र बहुतेक नवऱ्याचंच.

गाळाबद्दल पण बोलतो आणि हे थोडं अडचणीचं आहे कारण गाळ काढायलाच हवा यात वाद नाही. ७० वर्षांत साचलेल्या गाळाने तलाव उथळ झालेत, २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आलं, शेतकऱ्याला सुपीक माती मिळते, तलावाची साठवण वाढते, दोन्ही खरं. पण जेसीबी तलावात उतरतो तेव्हा तो काठापासून सरळ खोल खणत जातो कारण ट्रॅक्टर उभा करायला तीच जागा सोयीची आणि मोजमाप पण घनमीटरात. तलावाला जो हलका उतार असतो, घोट्यापासून छातीपर्यंत हळूहळू खोल होत जाणारा, तिथंच देवधान म्हणजे रानटी भात उगवतो, तिथंच कमळ, तिथंच मासा अंडी घालतो, तिथंच पक्षी उभे राहतात आणि तिथंच त्या बायका टोपली घेऊन उतरतात. तो उतार गेला की तलावाची टाकी होते. मधला भाग खोल करा, काठाचा पट्टा सोडा, एवढं साधं वाक्य कामाच्या आदेशात टाकायला काय जातं? पण ते सुचणार कोणाला, जो त्या पट्ट्यात रोज उतरतो त्याला, आणि त्याला विचारतं कोण.

वैनगंगेवरच्या धिवरांची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे, इथं फक्त एवढंच की १९८८ मध्ये गोसीखुर्द धरणाचा पाया रचला गेला, वाहती नदी जाऊन प्रचंड साचलेलं पाणी आलं, आणि त्यात नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमार्गे येते. नदीचा मासेमार आणि धरणाचा मासेमार हे दोन वेगळे धंदे आहेत, जाळं वेगळं, डोंगा वेगळा, अंदाज वेगळा. ते कोणी पुनर्वसनात मोजत नाही.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा, तो मी टाळणार नाही. सोसायट्याच धड नाहीत. कागदावर सोसायटी धिवरांची आणि आतून तलाव ठेकेदाराला दिलेला, असं चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. अध्यक्ष वर्षानुवर्षं तोच, सभा वहीतल्या वहीत. मग अशांना पाण्यावर हक्क कशाला द्यायचा? माझं उत्तर, पाच वर्षांची लीज आणि पाण्यावर शून्य ताबा असलेल्या माणसाने तलावात पैसे का गुंतवावेत? यंदा पाणी राहील की नाही हे ज्याच्या हातात नाही तो जोखीम ठेकेदारावर ढकलून रोख रक्कम घेणारच, कोणीही घेईल. भाड्याच्या घरात आपण तरी आंब्याचं झाड लावतो का. ठेकेदारी हे पाणी हातात नसण्याचं कारण कमी आणि परिणाम जास्त आहे असं मला वाटतं. चूक असेन, पण उलटं करून बघितलंय कोणी?

कायद्यात वाट नाही असं पण नाही. २००६ चा वनहक्क कायदा सामूहिक हक्कांमध्ये मासा आणि पाण्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट शब्दांत लिहितो. गडचिरोलीच्या अनुसूचित भागात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तिथं छोट्या पाणवठ्यांचं नियोजन पंचायतीकडे. पण भंडारा-गोंदिया अनुसूचित क्षेत्रात नाही, आणि धिवर अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमाती ब मध्ये आहेत, त्यामुळे वनहक्कासाठी त्यांना तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. तीन पिढ्या ज्यांचा हक्क मालगुजाराच्या तोंडी मर्जीवर होता त्यांनी कागद आणायचा कुठून. निस्तार पत्रक काढून बघा, त्यात बऱ्याचदा सापडतं काहीतरी, हा मात्र उपयोगाचा सल्ला आहे, ज्यांना लागेल त्यांनी घ्या.

आणि आता तर २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय. वीज, कर्ज, विमा शेतकऱ्यासारखं मिळणार म्हणतात. छान. पण मग सरळ प्रश्न येतो ना राजेहो, धिवर आता शेतकरी असेल तर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेत त्याला खुर्ची का नाही? त्याचं लाभक्षेत्र कालव्याच्या खाली नाही, पाळीच्या आत आहे, एवढाच फरक. २००५ च्या कायद्यात 'लाभक्षेत्रातला जमीनधारक' या शब्दांच्या शेजारी 'आणि त्या जलाशयाची लीज असलेल्या मच्छीमार संस्थेचे सभासद' एवढं घालायचंय. आणि प्रत्येक मामा तलावाला एक खालची पातळी ठरवून द्यायची, जिच्या खाली पाणी सोडायचं असेल तर धिवरांची पण सही लागेल. वरचे सगळे दट्टे शेतकऱ्याचे, त्याने बिनधास्त काढावेत. शेवटचा फक्त दोघांचा.

पिण्याच्या पाण्याचं काय, गुरांचं काय, भीषण दुष्काळ पडला तर काय, असे प्रश्न येतील आणि यायलाच हवेत, म्हणून तर बैठक लागते. त्या बैठकीत मासेमाराला बोलवा म्हणजे उत्तरं तिथंच निघतील, कारण तलावाच्या तळाशी कुठं खड्डा आहे, कुठं झरा आहे, कुठल्या कोपऱ्यात मे महिन्यातही कंबरभर पाणी उरतं हे त्याला पायाने माहीत असतं. उन्हाळा लागला की खालचं छिद्र उघडतात आणि दोन दिवसांनी धिवर मोहल्ल्याला कळतं, तेही पाळीवर घारी आणि बगळे गोळा झालेले दिसले म्हणून.